मामा, मराठी आणि बुटांची जाहिरात

या पृथ्वीतलावर क्रिकेटचा सामना केवळ जाहिरातींसाठी पाहणारा एकच माणूस आहे आणि ते माझे मामेसासरे आहेत. बाकीचं जग षटक संपलं की पाणी प्यायला उठतं. मामा षटक सुरू झालं की उठत. चेंडू पडत असताना त्यांच्या टीव्हीचा आवाज बंद असे. जाहिरात लागली की मामा खुर्चीत पुढे सरकत, रिमोट उगारत आणि आवाज एवढा मोठा करत की समोरच्या घरापुढे झोपलेलं कुत्रं उठून बसे. एकदा शेवटच्या चेंडूवर षटकार मारून आपण सामना जिंकलो. अख्खी गल्ली रस्त्यावर आली, फटाके वाजले, आणि मामा न्हाणीघरातून पाय पुसत बाहेर येऊन मामींना विचारत होते, "मधें ती सरबताची जाहिरात येऊन गेली काय?" मामी भाजी चिरत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "नाही. मधें खेळ चालला होता."

मी साताऱ्याची. लग्न करून तंजावरात आले तेव्हा राजवाड्याच्या मागच्या गल्लीत मराठी बोलणारी घरं आहेत एवढंच मला ठाऊक होतं. मराठ्यांचं राज्य इथे होतं तेव्हा ही घराणी आली. राज्य गेलं, घराणी राहिली. आता नेसणं, खाणं-पिणं, मान हलवणं सगळं शेजाऱ्यांसारखंच. नवरा मला पहिल्यांदा मामांच्या पाया पडायला घेऊन गेला तो नेमका सामन्याचा दिवस होता. मामांनी आशीर्वाद दिला, बसायला सांगितलं आणि टीव्हीकडे बोट करून पहिला प्रश्न विचारला, "सूनबाई, ह्यांत आपण कोणीकडे?" मी आपली धावसंख्या सांगायला लागले. मामींनी मला हळूच कोपर मारलं. मामांना विचारायचं होतं ते असं, की मोबाइलच्या त्या जाहिरातीत पगडीवाला सरदार आहे, धोतर नेसून मासा हातात घेतलेला बंगाली आहे, कपाळभर भस्म लावलेला आणि दर वाक्याला 'अय्यो' म्हणणारा दक्षिणेतला माणूस आहे. मग यांत तंजावरचे मराठी लोक कुठे आहेत?

हा प्रश्न त्यांनी वर्षानुवर्षं विचारला. वीजमंडळातून निवृत्त झाल्यापासून तर त्यांना दुसरा उद्योगच नव्हता. खेळाच्या जाहिरातीत कोण दिसतं, कुठे उभं असतं आणि किती वेळ दिसतं, याचा त्यांचा अभ्यास दांडगा होता. सरदारजी असला तर तो हसतच असतो, ईशान्येकडची मुलगी असली तर ती धावत असते नाहीतर गुद्दे मारत असते, मुसलमान पोरगा चेंडू टाकतो आणि लगेच सगळे येऊन त्याला मिठ्या मारतात, चाकाच्या खुर्चीतला मुलगा अगदी शेवटी येतो आणि तो आला की सनई-व्हायोलिन सुरू होतं. "त्याला आरंभीं आणून बघा की," मामा टीव्हीला सांगत, "आणि वाद्य नका वाजवूं. साधा चहा पितांना दाखवा." दुसऱ्यांवर होणारा अन्याय ते असा तावातावाने मांडत, पण स्वतःच्या लोकांवर आले की त्यांचा आवाज खाली जाई. म्हणत, "बाकीच्यांची टिंगल तरी करतात, सूनबाई. आम्ही टिंगलीलाही नाही."

पुडक्यांवर कंपन्यांचे फोन नंबर छापलेले असतात ते मामांसारख्या माणसांसाठी छापलेले नसावेत. मामा मात्र ते आपल्यासाठीच छापले आहेत असं धरून चालत. एका साबणाच्या जाहिरातीत आई मुलाचे क्रिकेटचे मळके कपडे धुते आणि कौतुकाने हसते. मामांनी फोन लावला आणि पलीकडच्या मुलीला इंग्रजीतून विचारलं की मुली मातीत लोळत नाहीत असं तुमच्या कंपनीला कुणी सांगितलं. ती बिचारी म्हणाली, "सर, आपल्याला साबणाबद्दल काही तक्रार आहे का?" मामा म्हणाले, "साबण उत्तम आहे. तक्रार आईबद्दल आहे." बोलणं बरंच लांबलं. शेवटी त्यांनी त्या मुलीची मातृभाषा, गाव आणि ती शाळेत असताना कुठला खेळ खेळायची तेही विचारून घेतलं, आणि ती खो-खो खेळायची असं कळल्यावर एकदम विरघळून कंपनीला माफ करून टाकलं.

साबणावर त्यांचा राग असण्याचं कारण घरातच होतं. यमू म्हणजे मामांच्या मुलीची मुलगी. मुलगी-जावई नोकरीसाठी कुवेतला, म्हणून यमू लहानपणापासून आजोळी. समोरच्या घरात एक निवृत्त कवायत मास्तर राहतात, त्यांनी तिला कबड्डीच्या मैदानावर नेलं आणि पोरगी तिथलीच होऊन गेली. गल्लीत सगळ्यात मळके कपडे तिचे. ते कपडे मामा स्वतः मागच्या अंगणात दगडावर घासून धूत. मामींना हात लावू देत नसत. धोतर खोचून, घामाघूम होऊन घासता घासता मान वर करून मला म्हणत, "ही जाहिरात कोण काढील, सांग. मिशीवाला आजा, नातीचा सदरा धुतोय. साबण उदंड खपेल." मला तर वाटतं खरंच खपला असता.

घरापुढे जो ओटा असतो त्याला इथे तिण्णै म्हणतात. संध्याकाळी त्या तिण्णैवर मामा आणि कवायत मास्तर यांचा वाद रंगे. मास्तर तमिळ, ख्रिस्ती, शिस्तीचे. शर्टाच्या खिशाला अजून शिट्टी अडकवलेली. त्यांचं म्हणणं असं, की जाहिरात म्हणजे शिरगणती नव्हे. बूट विकणारा बूट विकणार. त्याने किती जातीधर्मांच्या आणि भाषांच्या पायांत बूट घालून दाखवायचे? उद्या प्रत्येक घरातला एक माणूस घ्यायचा म्हटलं तर जाहिरात सामन्यापेक्षा लांब होईल. मामा म्हणत, होऊ दे, सामना कोण बघतंय. मास्तर म्हणत, तुम्ही मूठभर लोक, तुम्हाला बघून कोण बूट घेईल? यावर मामा म्हणत, "अकरात नका घेऊ. राखीवांत घ्या. तेही नको, पाणी घेऊन मैदानात पळणाऱ्यांत तरी घाला." मास्तर हसत आणि कॉफीचा पेला पुढे करत.

हे सगळं अर्थातच तमिळमध्ये. कारण मामांच्या घराचा एक नियम होता आणि तो त्यांच्या वडिलांपासून चालत आला होता: मराठी उंबऱ्याच्या आत बोलायची. उंबरा ओलांडून तिण्णैवर आलं की तमिळ. मी नवी असताना एकदा तिण्णैवर येऊन, मास्तर बसलेले असताना, "मामा, चहा ठेवू का?" असं विचारलं. मामांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मामींनी मला दंडाला धरून आत नेलं. मग मामा आत आले, उंबऱ्याच्या अलीकडे उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "समोर बसलेल्याला न कळे ती भाषा बोलणें म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणें. त्याला वाटेल आपल्याविषयींच बोलतात. असें करूं नको मा." शेवटचं 'मा' तमिळमधलं, लेकीला लाडाने म्हणतात ते. मला ते बोलणं फार आवडलं. इतकी सभ्य माणसं मी पाहिली नव्हती. पुढे पुढे त्यातली गंमतही कळू लागली. मामा एखादं वाक्य आतून बोलत बाहेर निघाले तर ते मराठीत सुरू होई, उंबऱ्यावर त्यांचा पाय पडे आणि क्रियापद तमिळ येई. मामींशी भांडण झालं की मामा उठून तिण्णैवर जाऊन बसत. मामी दारापर्यंत येत आणि थांबत. त्यांचं तमिळ बाजारापुरतं चोख, पण नवऱ्याशी भांडायला लागणारे शब्द त्यांच्याकडे मराठीतच होते, आणि ते बाहेर न्यायची परवानगी नव्हती.

यमू याच नियमात वाढली. घरात आजाशी मराठी, बाहेर पाऊल टाकलं की तमिळ. तिची मराठी मला ऐकत बसावीशी वाटे. "आजा, मी आलों," म्हणत दप्तर फेकायची, "भूक उदंड लागली, काय केलें आहे?" मुलगी असून 'आलों' म्हणायची, कारण ती आजाकडून शिकली होती. मामा एरवी जगाच्या चुका काढत, ही चूक त्यांनी कधी काढली नाही.

मग एक दिवस खरंच बुटांची एक कंपनी तंजावरात जाहिरात काढायला आली. मुलींचा कबड्डीचा संघ दाखवायचा होता, आणि त्यासाठी चित्रीकरण करणारी बाई मास्तरांकडे आली. मामांना हे कळलं तेव्हा ते अंघोळ अर्धी टाकून बाहेर आले असं मामी सांगतात. त्यांनी त्या बाईला तिण्णैवर बसवलं आणि इतक्या वर्षांचा साठलेला अभ्यास तिच्यापुढे उघडला. ती मन लावून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "सर, महिनाभर मी या गावात येते-जाते आहे. या गल्लीतून तर रोज जाते. इथे मराठी लोक राहतात हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मी एकदाही ऐकलं नाही." मामा अभिमानाने म्हणाले, "आम्ही सभ्य लोक आहोत." ती हसली. पण तिला कल्पना आवडली. संघातल्या मुलींनी एकेक करून पुढे यायचं, नाव सांगायचं आणि आपापल्या घरच्या भाषेत म्हणायचं की मी येते आहे, अडवून दाखव. तमिळ होतीच, उर्दू होती, तेलुगू होती, सौराष्ट्री होती. आता मराठीही झाली. त्या संध्याकाळी मामांनी मास्तरांना दोन पेले कॉफी पाजली आणि हरल्याचं कबूल करायला लावलं. मास्तरांनी खुशीने कबूल केलं.

पुढचा आठवडा घरात एकच वाक्य होतं. "मी यमुना. मी येतों, अडीव मला." यमू ते न्हाणीघरातून म्हणायची, जेवताना म्हणायची, पायात बूट घालताना भिंतीला म्हणायची, आणि इतकं झकास म्हणायची की मामींनी चक्क तिची दृष्ट काढली. मामा तर हरखून गेले होते. गल्लीतल्या मराठी घरांत आत जाऊन जाऊन ते सांगून आले. एका घरच्या आजीबाईंनी विचारलं, टीव्हीवर आपली भाषा येणार म्हणजे शेजाऱ्यांना ऐकू जाणार की. मामा म्हणाले, ऐकूं देत.

चित्रीकरण शाळेच्या मैदानावर झालं. सकाळचीच वेळ, पण ऊन चांगलंच चढलेलं. मी, मामा आणि मास्तर दोरीच्या अलीकडे उभे होतो. आजूबाजूला निम्मी शाळा. उर्दूवाली मुलगी ठसक्यात बोलून गेली, सौराष्ट्रीवालीवर टाळ्या पडल्या, आणि यमू पुढे आली. तिने नाव सांगितलं आणि पुढचं वाक्य तमिळमध्ये म्हटलं. सगळे हसले, तीही हसली. पुन्हा झालं. पुन्हा तमिळच आलं. ती बाई जवळ गेली, पाणी दिलं, काहीतरी समजावलं. तिसऱ्यांदा यमूने तोंड उघडलं आणि तमिळही आलं नाही, काहीच आलं नाही. ती मास्तरांकडे बघत होती, मैत्रिणींकडे बघत होती, या सगळ्यांसमोर जन्मात कधी मराठी बोललेली नव्हती. मला आता ते स्वच्छ दिसतं. तेव्हा मला वाटलं, पोर कॅमेऱ्याला घाबरली.

मामा दोरीखालून आत गेले. तिच्यापुढे उभे राहिले आणि सगळ्यांदेखत ओरडले, "तोंडात जीभ आहे की नाही? घरात एवढं बोलतेस, इथे काय झालं? इतक्या वर्षांनी विचारलं कुणी, आणि तू सगळ्यांचं नाक कापलंस." यमूच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तिने फक्त बुटांची नाडी सोडली, बूट काढून त्या बाईच्या खुर्चीजवळ नीट ठेवले आणि अनवाणी चालत मैदानाबाहेर गेली.

मामांनी हे सगळं तमिळमध्ये म्हटलं होतं. त्यांच्या ते लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. संध्याकाळी मास्तर तिण्णैवर येऊन बसले, बराच वेळ शिट्टीशी चाळा करत राहिले आणि मग म्हणाले, "इतकी वर्षं तुमच्या या ओट्यावर कॉफी पितो आहे. तुमची भाषा कानाला कशी लागते ते मला माहीत नाही. आज ऐकायला मिळेल म्हणून आलो होतो." कॉफी आणायला म्हणून मामा उठून आत गेले.

यमू घरी आली तेव्हा मामींनी विचारलं, "जेवतेस का?" ती म्हणाली, "वेण्डाम." म्हणजे नको. उंबऱ्याच्या आत उभी राहून म्हणाली. मामींनी मामांकडे पाहिलं. सगळ्यांना वाटलं, राग आहे, दोन दिवसांत जाईल. तो गेलाही. यमू हसायला-खेळायला लागली, आजाच्या पुढ्यात बसून केस विंचरून घ्यायला लागली, कपडेही धुवायला टाकायला लागली. पण जे बोलायची ते तमिळमध्ये. मामा मराठीत विचारत, ती तमिळमध्ये सांगे. पुढच्या वर्षी तिची निवड होऊन ती तिरुच्चीच्या क्रीडा वसतिगृहात राहायला गेली.

जाहिरात मात्र आली. एका सामन्याच्या मधेच आली. मामा सवयीने पुढे सरकले, आवाज वाढवला. तमिळ मुलगी आली, उर्दूवाली आली, सौराष्ट्रीवाली आली, आणि मग नाकात नथ, कपाळाला चंद्रकोर, नऊवारीचा काष्टा मारलेली एक उंच देखणी मुलगी आली. ती आमच्या गावची नव्हतीच. असल्या वेशात कबड्डी कुणी खेळत असेल तर मी साताऱ्यात पाहिलेली नाही. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी येतेय, अडवून दाखव!" अगदी माझ्या माहेरच्या वळणाची मराठी. गल्लीतले लोक अभिनंदन करायला आले, तुमची मराठी आली म्हणून. मामांनी त्यांना पेढे दिले. सगळे गेल्यावर मला म्हणाले, "ती तुझी मराठी, सूनबाई. आमची नव्हे." मग ती जाहिरात पुन्हा लागली तेव्हा मामांनी रिमोट उचलला आणि आवाज बंद केला. इतक्या वर्षांत त्यांनी आवाज बंद केलेली ती पहिली जाहिरात.

त्यानंतर त्यांनी नियम मोडायचं ठरवलं. वडिलांच्या तसबिरीपुढे उभे राहून रीतसर सांगितलं आणि तिण्णैवर जाऊन बसले. मास्तर आले. मामा खाकरून म्हणाले, "या. बसा. ऊन उदंड आहे." आणि मास्तरांना कळलं नसेल या काळजीने लगेच तेच तमिळमध्ये म्हणाले. मास्तर गंभीरपणे म्हणाले, चालू द्या. मग मामा प्रत्येक वाक्य दोनदा बोलू लागले. वादाची लांबी दुप्पट झाली आणि गोडी निम्मी. दूधवाल्याला वाटलं मामांच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. मामी दारात येऊन भांडायला मोकळ्या झाल्या होत्या, पण आता त्याही बाहेर येऊन म्हणत, "आंत या आणि नीट बोला." हळूहळू ते थंडावलं.

तंजावरजवळ ओरत्तनाडूला आंतरजिल्हा सामने होते तेव्हा मामांनी मला बरोबर चल म्हणून सांगितलं. यमू तिरुच्चीहून संघाबरोबर थेट तिथे येणार होती. आठवडाभर मामा घरात फेऱ्या मारत पुटपुटत होते, "बेस, यमू, बेस. सोडूं नको." त्यांचा बेत मला कळला. भर मैदानात, हजार लोकांपुढे, ते तिला मराठीत साद घालणार होते. बसमध्येही ओठ हलत होते. सामना रंगात आला. यमू चढाईला गेली, समोरच्या दोघींना तिने हात लावला आणि तिसरीने तिचा घोटा धरला. रेषा हातभर दूर होती. मामा उठून उभे राहिले, हात वर केला, तोंड उघडलं, आणि तसेच उभे राहिले. मग ते ओरडले, "विडादे! विडादे, कण्णु!" सोडू नकोस, पोरी. तमिळमध्ये. यमूचं बोट रेषेला लागलं की नाही यावर तिकडे गोंधळ चालला होता. यमूने मात्र मान वळवून आजाकडे पाहिलं होतं.

मामा खाली बसले. मला म्हणाले, तेही तमिळमध्येच, "तोंडापर्यंत आली होती, सूनबाई. मग एवढी माणसं दिसली. उघडं पडल्यासारखं झालं. मी एवढा मोठा माणूस." थोड्या वेळाने म्हणाले, "ती तर लहान होती." इतकं बोलून त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि सामना संपेपर्यंत ते मान खाली घालून बसले.

परतताना यमू दोन दिवसांसाठी आमच्याबरोबर आली. बसमध्ये ती खिडकीशी, मामा मधे, मी कडेला. भाताची खाचरं मागे जात होती. मामा तिच्याकडे न बघता तमिळमध्ये म्हणाले, "मलाही जमलं नाही." ती बाहेर बघत राहिली. म्हणाली, "ठाऊक आहे. पाहिलं मी." तंजावर आल्यावर त्यांची पिशवी तिनेच घेतली.

घरी आलो. तिने तिण्णैखाली बूट काढले, उंबरा ओलांडला, भिंतीला पाठ टेकून खाली बसली आणि म्हणाली, "आजा, पाणी दे." मराठीत. मामी स्वयंपाकघरात होत्या, त्यांच्या हातातलं काम थांबलं. मामांनी स्वतः तांब्या भरून आणला. ती घटाघटा प्यायली आणि म्हणाली, "भूक लागली."

मला वाटलं होतं, आता सगळं पूर्वीसारखं होईल. तसं झालं नाही. यमू आता मोठी झाली आहे, राज्याच्या संघात खेळते, सुट्टीला येते. आली की उंबऱ्याच्या आत मराठीत बोलते, पण ती मराठी ज्या वर्षी थांबली त्याच वर्षाची आहे. पाणी, भूक, झोप, डोकं दुखतं, आजी कुठे गेली. गुडघ्याची दुखापत, संघातून वगळलं तेव्हा काय वाटलं, पुढे खेळावं की नोकरी धरावी, हे सांगायला लागली की दोन शब्दांतच अडखळते आणि तमिळवर जाते. हे मोठे शब्द मुलं ज्या वयात घरातून उचलतात, त्या वयात ती आजाशी मराठी बोलत नव्हती. मामांना हे माझ्याआधी कळलं होतं. एकदा मागच्या अंगणात तिचा सदरा वाळत घालताना ते म्हणाले, "तेव्हां तिच्या तोंडांत शब्द घालायचे दिवस होते, सूनबाई. मी तेव्हां तिला गप्प बसविलें." मी काहीतरी समजुतीचं बोलले. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या सरळ केल्या आणि चिमटे लावले.

हल्ली ती घरी असली की दोघं मिळून सामना बघतात. यमूला खेळ बघायचा असतो, मधे बोललेलं तिला खपत नाही, म्हणून चेंडू पडत असताना मामा आवाज चालू ठेवून गुपचूप बसतात. षटक संपतं, जाहिरात लागते, आणि मामा चटकन रिमोट उचलून आवाज बंद करतात. पडद्यावर कोण आलं, कोण राहिलं, तिकडे त्यांचं लक्ष नसतं. यमू तेवढ्या वेळातच बोलते.